सामायिक ऑटोक्लेव्ह : धनी कोण?



सामायिक विहिरीचे पाणी सारी भावकी भरते. परंतु गाळ काढावयाची वेळ आली की कोणाचा वाटा किती, हा वाद सुरू होतो आणि गाळ जागच्या जागी राहतो. विहिरीच्या बाबतीत फार तर पाणी गढूळ येते. जे यंत्र प्रत्येक चौरस इंचावर पंधरा पौंड दाबाने वाफ कोंडून ठेवते, त्या यंत्राचा कारभार जर असाच बारभाईचा झाला, तर काय होते ते आम्ही पाहिले आहे. त्या प्रसंगात आमचाही दोष होता, म्हणूनच हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

इ. स. २००० मध्ये औषधे व प्रसाधने नियमांत ‘अनुसूची टी’ समाविष्ट झाली आणि उत्तम निर्मिती पद्धतीचे निकष आयुर्वेदीय औषधनिर्मितीस लागू झाले. तेव्हापासून लहान फार्मसीचालकांसही कच्च्या द्रव्यांची व सिद्ध औषधांची जंतुगणना, निदान स्वतःच्या समाधानापुरती, करून पाहण्याची निकड भासू लागली. दुसरीकडे क्षारसूत्र, विद्धकर्म, रक्तमोक्षण करणाऱ्या वैद्यांस निर्जंतुक उपकरणे व पिचू हवेच असतात. एकेकट्याला न परवडणारी सामग्री चार जणांनी मिळून घ्यावी, हा शहाणपणाचा मार्ग. आमच्या तालुक्यातही काही वर्षांपूर्वी दोन फार्मसीचालक आणि आम्ही तिघे वैद्य यांनी मिळून एक छोटी प्रयोगशाळा थाटली. तीत एक उभा ऑटोक्लेव्ह आणला. पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. यंत्राचा धनी कोण, हे मात्र ठरले नाही.

‘तीन म्हणजे शून्य’

प्रारंभीचे वर्ष उत्तम गेले. पुढे केव्हातरी गेजचा काटा वाफ सोडल्यावरही पूर्ण खाली येईनासा झाला. तीनच्या खुणेपाशी अडखळू लागला. कोणी प्रथम पाहिले, ते आता सांगता येत नाही. परंतु प्रयोगशाळेत नवीन येणाऱ्या प्रत्येकास पहिला धडा हाच मिळू लागला की, ‘तीन म्हणजे शून्य समजायचे.’ आम्हीही हे वाक्य ऐकले होते. नव्हे, एका विद्यार्थ्यास आम्ही स्वतःच ते सांगितले होते.

वाफ सोडण्याची तोटीही याच काळात अरुंद होत चालली होती. जंतुगणनेसाठी लागणारे अगारयुक्त माध्यम चंचुपात्रांत काठोकाठ भरले आणि दाब झपाट्याने सोडला की ते उतू जाते. उतू गेलेला फेस तोटीत आणि गेजच्या नळीत शिरतो, वाळतो आणि थर धरतो. प्रत्येकाने आपापली चंचुपात्रे पुसली. तोटी पुसणे हे कोणाचेच काम नव्हते. नोंदवही होती. तीत दिनांक, स्वाक्षरी आणि एक शब्द असे : ‘ठीक’.

एका सायंकाळी फार्मसीतील बावीस वर्षांचा साहाय्यक माध्यम निर्जंतुक करीत होता. घरी जाण्याची घाई होती. वेळ पूर्ण होताच त्याने तोटी उघडली, माध्यम उसळले आणि आधीच अरुंद झालेली तोटी पुरती बुजली. फुसकारा थांबला. काटा तीनवर येऊन स्थिरावला. तोटी उघडी असूनही वाफ येत नाही आणि काटा ‘शून्या’वर आहे, अशी दोन्ही साक्षीदारांची साक्ष एकच पडली आणि दोन्ही साक्षी खोट्या होत्या. त्या दिवशी तीन म्हणजे तीनच होते.

तीन पौंड ऐकावयास किरकोळ वाटते. बारा इंच व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस इंच भरते. प्रत्येक इंचावर तीन पौंड धरले, तरी झाकणाला आतून सुमारे दीडशे किलोंचा रेटा बसतो. पंधरा पौंडांवर तोच रेटा साडेसातशे किलोंच्या वर जातो. त्या मुलाने ओळीने विंगनट सैल केले. अखेरचे दोन उरले असता झाकण एका बाजूने उचलले गेले. उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली. त्या गोंधळात कोणी तूप आणावयास धावले, कोणी कोरफड कापू लागले. हात वाहत्या थंड पाण्याखाली धरून ठेवण्याचे भान होते ते शेजारच्या रुग्णालयातील एका परिचारिकेस. आम्ही चरकसुश्रुतांचे अभ्यासक म्हणविणारे बाजूस उभे होतो.

दुसऱ्या दिवशी यंत्र उघडण्यासाठी औद्योगिक वसाहतीतून एका मिस्त्रींना बोलाविले. त्यांनी तोटी काढली, तारेने आतील तपकिरी थर खरवडला आणि सहज विचारले, ‘हे याआधी कोणी उघडलं होतं?’ आम्ही पाच भागीदार तेथे हजर होतो. कोणासही उत्तर देता आले नाही.

न दिसलेली हानी

भाजलेला हात दिसला, म्हणून त्याची चर्चा झाली. तथापि त्याच बुजलेल्या तोटीने केलेली दुसरी हानी कोणाच्या ध्यानी येईना. ती आमच्या ध्यानी आली त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

ऑटोक्लेव्हमध्ये जंतू मरतात ते दाबाने नव्हे, तर वाफेने आणलेल्या उष्णतेने. नाडीस्वेद देणाऱ्या वैद्यास हे सांगावयास नको. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते आणि ती थेट त्या वस्तूला मिळते, म्हणूनच वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून दारुण असतो. परंतु वाफ त्या वस्तूपर्यंत पोहोचली तर! पात्रात हवा अडकून राहिली, तर गेज दाब दाखविते आणि तापमान मागे राहते. पंधरा पौंड दाबाला शुद्ध वाफेचे तापमान १२१ अंश सेल्सिअस असते. निम्मी हवा आत राहिल्यास त्याच पंधरा पौंडांवर ते ११२ अंशांच्या आसपास भरते. हवा मुळीच न काढल्यास जेमतेम १०० अंश. काटा मात्र तिन्ही वेळा पंधरावरच!

आमच्या तोटीतून हवा निघत होती ती अशी अर्धवट. भिंतीवर कागद चिकटविलेला होता : ‘तोटी पाच मिनिटे उघडी ठेवावी, नंतर बंद करावी.’ प्रत्येकाने घड्याळ पाहिले. तोटीतून वाफेचा अखंड झोत येतो आहे की नाही, हे कोणी पाहिले नाही. शिवाय काटा मुळातच तीनने पुढे असेल, तर आमचे ‘पंधरा’ प्रत्यक्षात बाराच होते. याचा अर्थ असा की, मागील कित्येक महिन्यांत आम्ही फिशर-भगंदराच्या रुग्णांवर वापरलेली प्रत्येक एषणी, प्रत्येक चिमटा, प्रत्येक पिचू निर्जंतुक होता किंवा नव्हता, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

त्या काळात एखाद्या रुग्णाच्या व्रणातून चौथ्या दिवशी पूय आला, की आम्ही काय करीत होतो? ‘काय खाल्लंत? दही खाल्लंत ना?’ असे विचारीत होतो. दोष अपथ्याचा, मधुमेहाचा, अस्वच्छ राहणीचा असे. आमच्या यंत्राचा असू शकेल, हे मनातही येत नसे. त्यांपैकी कोणाचा व्रणपाक कशामुळे झाला, हे आता सिद्ध होणार नाही. परंतु रुग्णास अपथ्याबद्दल रागे भरणाऱ्या आम्हांस स्वतःच्या तोटीतील गाळ दिसला नाही, हे लपविण्यात अर्थ नाही.

सिद्धिलक्षणे कोठे गेली?

काही ज्येष्ठ वैद्य म्हणतात, ‘आम्ही तीस वर्षे उपकरणे पाण्यात उकळून काम केले, वैद्याला ही यंत्रविद्या कशाला?’ त्यांच्या अनुभवाचा आदर राखून सांगावेसे वाटते की, उकळत्या पाण्यात बहुतेक जंतू मरतात, काहींचे बीजाणू मरत नाहीत; आणि धनुर्वाताचा जंतू बीजाणू धारण करणाऱ्यांपैकीच आहे. शस्त्रकर्मापूर्वीची सामग्री आणि व्रणाचे धूपन यांविषयी सुश्रुताचार्यांनी दाखविलेली दक्षता पाहता, त्यांच्या वंशजांनी ‘एवढे कशाला’ असे म्हणणे शोभत नाही.

खरे पाहता, ही विद्या आपणांस परकी नाही. तैलपाक करताना आपण केवळ घड्याळ पाहून कढई उतरवितो काय? कल्काची वात वळते का, अग्नीवर टाकता ती आवाज न करता जळते का, तैलावर फेस आला का, घृतावरील फेस शमला का, हे पाहिल्याविना पाक सिद्ध मानीत नाही. भस्माला किती पुटे दिली एवढ्यावर न थांबता ते वारितर, रेखापूर्ण आणि अपुनर्भव आहे का, हे तपासतो. मग ऑटोक्लेव्हमधून निघालेल्या पाकिटास कोणत्याही परीक्षेविना ‘सिद्ध’ कसे मानतो?

पाकिटावरील पट्टीचे रेघोटे काळे झाले, यावर आपला फार भरवसा असतो. ती पट्टी एवढेच सांगते की, हे पाकीट यंत्रात जाऊन आले. ते पुरेसे काळ पुरेशा उष्णतेत होते की नाही, हे ती सांगत नाही. आमच्या सर्व संशयित पाकिटांवरील पट्ट्या काळ्याच झाल्या होत्या! खरी परीक्षा बीजाणूंची. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफायलस नावाच्या, उष्णतेस अत्यंत दाद न देणाऱ्या जंतूचे बीजाणू असलेली कुपी पाकिटांच्या मधोमध ठेवावयाची, नंतर ५५ ते ६० अंशांवर उबवून पाहावयाची; जोडीला निर्जंतुक न केलेली एक कुपीही उबवावयाची. दुसरीत वाढ दिसली आणि पहिलीत नाही, तर यंत्राने काम केले. आमच्या भाषेत सांगावयाचे तर ही अपुनर्भव परीक्षा होय : मेलेले पुन्हा उठत नाही, याची खात्री.

काय घालावे, काय घालू नये

सामायिक यंत्रात प्रत्येकाची वस्तू निराळी, म्हणून गल्लतही निराळी. आमच्या अनुभवातील तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट स्नेहद्रव्यांची. तैल, घृत, भस्म, चूर्ण यांत वाफ शिरत नाही. म्हणून ऑटोक्लेव्ह त्यांच्या उपयोगाचा नाही. अशा द्रव्यांस कोरडी उष्णता, म्हणजे साधारणतः १६० अंशांवर दोन तास, हाच मार्ग सांगितला जातो. परंतु औषधसिद्ध तैलाचे गुण त्या तापास टिकतील काय, याचा विचार त्या त्या योगापुरता निर्मात्याने करावयाचा आहे. आमच्याकडे एका सद्गृहस्थांनी जात्यादि तैलाच्या घट्ट बुचाच्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये ठेवल्या होत्या. त्या फुटल्या नाहीत, हे दैव.

दुसरी गोष्ट क्षारसूत्राची. स्नुहीक्षीर, अपामार्गक्षार आणि हरिद्रा यांचे थर दिलेले सूत्र आर्द्रतेस अत्यंत हळवे असते. क्षार पाणी ओढून घेतो. तयार सूत्र वाफेत घालणे म्हणजे त्याचा नाश करणे. ते अतिनील किरणांच्या कपाटात सुकवून निर्जंतुक नळीत हवाबंद ठेवावयाचे असते. ऑटोक्लेव्ह त्या नळीसाठी, एषणीसाठी आणि कापसासाठी.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. जंतुगणना झालेल्या बशांत जिवंत जंतूंच्या वसाहती असतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार प्रयोगशाळेतील असा कचरा जागेवरच पूर्वप्रक्रिया करून पुढे द्यावयाचा असतो आणि कचऱ्यासाठीचा ऑटोक्लेव्ह त्याच कामासाठी राखून ठेवावयाचा असतो. हवा नैसर्गिक रीतीने बाहेर सारणाऱ्या साध्या यंत्रात १२१ अंशांवर किमान ६० मिनिटे, असे त्याचे मानही नियमांत दिलेले आहे. आमच्याकडे सकाळी ज्या पात्रात वापरलेल्या बशा, त्याच पात्रात दुपारी क्षारसूत्राच्या रुग्णाची उपकरणे जात असत. फार्मसीमालकांस दुसऱ्या यंत्राचा खर्च जड वाटतो, हे आम्ही जाणतो. परंतु येथे काटकसरीस वाव नाही.

आम्ही घालून घेतलेले नियम

अपघातानंतर तीन बैठका झाल्या. पहिल्या दोन बैठका मुलाच्या औषधोपचाराचा खर्च कोणी सोसावा, यातच गेल्या. फार्मसी म्हणे यंत्र संस्थेचे; संस्था म्हणे मुलगा फार्मसीचा. अखेरीस खर्च पाच वाट्यांत विभागला गेला. तिसऱ्या बैठकीत पुढील नियम ठरले :

१. यंत्राचा एक धनी राहील. त्याचे नाव यंत्रावर ठळक लिहिलेले असेल. शंका आल्यास कोणासही न विचारता यंत्रास कुलूप लावण्याचा त्यास अधिकार राहील. पाळीपाळीने सर्वांनी पाहावे, हा प्रस्ताव आम्ही फेटाळला. पाळी म्हणजे पुन्हा कोणीच नाही.

२. नोंदवहीत ‘ठीक’ हा शब्द चालणार नाही. आत काय ठेवले, अखंड वाफ केव्हा आली, तापमान किती, कोणत्या वेळेपासून किती वेळ राखले, हे आकड्यांत लिहावयाचे. ‘आढळलेला दोष’ हा रकाना कधीही रिकामा सोडावयाचा नाही. दोष नसल्यास तसे लिहून खाली सही.

३. पाणी प्रत्येक वेळी पाहावयाचे. ऊर्ध्वपातित पाणीच वापरावयाचे. कूपनलिकेच्या जड पाण्याने कॉइलवर खार चढतो आणि ती जळते.

४. पात्र गच्च भरावयाचे नाही. चंचुपात्रे दोनतृतीयांशापर्यंत भरावयाची आणि त्यांस कापसाचे सैल बूच लावावयाचे. घट्ट बंद बाटली आणि हायपोक्लोराइट असलेले काहीही आत जाणार नाही.

५. तोटीतून वाफेचा अखंड झोत डोळ्यांनी पाहिल्यावरच ती बंद करावयाची. वेळ मोजावयाची ती तापमान १२१ अंशांस पोहोचल्यापासून. माध्यमासाठी १५ मिनिटे, गुंडाळलेल्या पाकिटांसाठी ३० मिनिटे.

६. द्रवपदार्थ आत असताना दाब आपोआप उतरू द्यावयाचा. काटा शून्यावर आल्यावर तोटी उघडावयाची, आणखी दहा मिनिटे थांबावयाचे, मग समोरासमोरचे विंगनट जोडीने थोडे थोडे सैल करावयाचे. हातमोजे व ॲप्रन घातल्यावाचून झाकणास हात लावावयाचा नाही आणि चेहरा झाकणावर आणावयाचा नाही. काटा शून्यावर येत नसेल, तर त्या दिवशी झाकण उघडणार नाही. पाकिटे ओली निघाली, तर ती निर्जंतुक नाहीत असे समजून पुन्हा घालावयाची.

७. बीजाणूंची परीक्षा आठवड्यातून किमान एकदा. तोटी, गेजची नळी, सुरक्षा झडप व गॅस्केट यांची तपासणी महिन्यातून एकदा. गेजचे प्रमाणीकरण वर्षातून एकदा.

घाटमाथ्यावरील बंधूंसाठी एक सूचना. गेज भोवतालच्या हवेहून किती अधिक दाब आहे, तेवढेच सांगते. महाबळेश्वरासारख्या ठिकाणी, समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरांवर, हवेचा दाबच कमी असतो. म्हणून तेथे पंधरा पौंडांवर तापमान १२१ पेक्षा दोनअडीच अंशांनी कमी भरते. विश्वास ठेवावयाचा तो तापमापकावर.

खर्चाविषयी कुरबूर झालीच. आता प्रत्येक वापरामागे ठरावीक शुल्क निराळ्या पेटीत जमा होते आणि ती रक्कम दुरुस्ती व परीक्षेवाचून अन्य कशासही वापरली जात नाही. दुरुस्तीसाठी वर्गणी मागावी लागणे, हेच दुरुस्ती न होण्याचे मूळ कारण होते, असे आमचे मत झाले आहे.

संघटनेकडे दोन मागण्या

आपल्या संघटनेच्या आगामी वार्षिक सभेपुढे आम्ही दोन ठराव मांडू इच्छितो. एक : ज्या ज्या शाखेत वा संस्थेत सामायिक ऑटोक्लेव्ह आहे, तेथे नामनिर्देशित धनी आणि आकड्यांची नोंदवही असावी, नसल्यास ते यंत्र बंद ठेवावे. दोन : या त्रैमासिकात अर्धे पान अपघातांसाठी व थोडक्यात टळलेल्या अपघातांसाठी राखून ठेवावे. व्यक्तीचे, गावाचे, संस्थेचे नाव नको; काय घडले आणि का घडले, एवढेच असावे. यशस्वी चिकित्सेची वृत्ते आपण आनंदाने छापतो. फसलेल्या गोष्टी मात्र चहाच्या पेल्याबरोबर कुजबुजत सांगतो. दुसऱ्या कोणत्या तालुक्यात याआधी ‘तीन म्हणजे शून्य’ घडले होते आणि ते आम्हांस वाचावयास मिळाले असते, तर कदाचित त्या मुलाचा हात वाचला असता.

तो मुलगा आता बरा आहे. मनगटापाशी त्वचा ओढल्यासारखी राहिली आहे. खलबत्त्यात हात भराभर चालत नाही. फार्मसीने त्यास कामावर ठेवले, हे त्यांचे सौजन्य. यंत्राच्या खोलीत मात्र तो जात नाही आणि त्यास कोणी जा म्हणतही नाही.

यंत्रावर या वर्षी आमचे नाव लिहिलेले आहे. दोनदा कुलूप लावण्याचा प्रसंग आला. दोन्ही वेळा सहकाऱ्यांनी नापसंती दर्शविली, एकदा तर एका मित्राचे माध्यम वाया गेले. तोटी खोलून पाहिली, तेव्हा एकदा काही निघाले नाही, एकदा निघाले. ज्या वाचकांस आमचे म्हणणे अतिशयोक्त वाटेल, त्यांनी आपल्या यंत्राचे गेज आज सायंकाळी, यंत्र थंड असताना, पाहावे. काटा कोठे उभा आहे ते संपादकांस अवश्य कळवावे.